बाबांच्या गठ्ठ्याचा निकाल

कोणत्याही राष्ट्राची प्रगती मोजायची तर त्याच्या माध्यमिक परीक्षेचा निकाल पाहावा. पूल, दवाखाने वगैरे बाकीच्या गोष्टी वरखाली होत राहतात. निकाल फक्त वर जातो. अकरा वर्षांपूर्वी आमच्या परीक्षा मंडळाचा निकाल ६१.४ टक्के होता. यंदा तो ९८.७ आहे. हाच वेग टिकला तर पुढच्या वर्षी तो १०२.१ होईल. जास्तीचे दोन टक्के विद्यार्थी कुठून आणायचे, याचा विचार करायला उपसमिती नेमली आहे. (पहिली बैठक उत्साहात झाली. एका सदस्यांनी शंका काढली. ते आता नाहीत. म्हणजे आहेत, उपसमितीत नाहीत.)

मी मंडळाच्या कल कक्षात काम करते. कल म्हणजे यंदा निकाल किती टक्के लागणार तो आकडा. तो आम्ही परीक्षेच्या दोन महिने आधी ठरवतो. याला काही लोक नावं ठेवतात. पण परीक्षेनंतर ठरवायचा म्हटलं तर त्यावर मुलांच्या उत्तरांचा परिणाम होण्याचा धोका असतो.

तपासलेल्या उत्तरपत्रिकांचा गठ्ठा कलाच्या खाली असेल तर तो परीक्षकाकडे परत जातो. परीक्षक त्याच्याकडे सहानुभूतीने पाहतो, गठ्ठा वर येतो. दोनदा खालीच राहिला तर परीक्षकाचं नाव यादीतून जातं. सहा हजार परीक्षकांपैकी पाच हजार नऊशे नव्व्याण्णव जणांना ही पद्धत पहिल्याच वर्षी समजली. उरलेले एक माझे बाबा.

बाबा गणित तपासत. निवृत्तीनंतर त्यांच्याकडे तेवढंच काम उरलं होतं आणि आई गेल्यानंतर तर दिवसभराची तेवढीच सोबत. जेवणाच्या टेबलाचा खिडकीकडचा अर्धा भाग गठ्ठ्याचा, उरलेला आम्हा दोघांचा. तांबड्या शाईने ते गुण देत आणि शेवटच्या पानावर पेन्सिलीने शेरा लिहीत, ‘तिसऱ्या ओळीपर्यंत तुझं बरोबर होतं. पुढे घाबरलीस.’ उत्तरपत्रिका मुलांना परत मिळत नाहीत, हे त्यांना माहीत होतं. शेरा लिहायला मनाई आहे, हेही माहीत होतं.

ते गेले त्याच्या आदल्या दिवशीही असंच चाललं होतं. मी कार्यालयातून आले तेव्हा ते चष्मा कपाळावर चढवून हसत होते.

“इकडे ये. ह्या पठ्ठ्याने वर्तुळाचं क्षेत्रफळ उणे काढलंय.”

“मग?”

“मग काय! खड्डा असेल.”

“किती दिलेत?”

“एकतीस.”

“द्या ना बाबा अजून चार, पास होऊ दे. तुमचं काय जातंय?”

“माझं नाही, त्याचं जातंय. उद्या हाच पूल बांधेल आणि तू त्यावरून जाशील. तुझं गणित तर काय, आनंदच आहे.” मग गठ्ठ्यावर थाप मारून म्हणाले, “पहिल्या वर्षी एकदा परत पाठवला होता. मी जसाच्या तसा धाडला. त्यानंतर अकरा वर्षांत माझ्या गठ्ठ्याला कोणाची हात लावायची छाती झाली नाही. का, सांग.”

“का?”

“बेरीज चुकत नाही माझी.”

मी म्हटलं, “चहा ठेवू?”

इथे थोडा खुलासा आवश्यक आहे. पहिल्या वर्षी बाबांनी जसाच्या तसा धाडलेला गठ्ठा माझ्या टेबलावर आला होता. खालीच राहिलेला, दुसऱ्यांदा. मी दार लावलं, नवा गुणतक्ता भरला, बत्तीस-तेहतिसांचे पस्तीस केले आणि खाली बाबांची सही केली. ही सही मी सातवीतच शिकले होते, प्रगतिपुस्तकातल्या गणिताच्या पानावर. मग पेन्सिलीतले शेरे खोडले. खोडण्याआधी वाचले. पुढच्या वर्षी तेच, त्याच्या पुढच्या वर्षीही तेच. बाबा यादीत राहिले, राष्ट्र वर गेलं, आणि घरी रोज संध्याकाळी मला सचोटीचे फायदे ऐकायला मिळाले.

दुसऱ्या दिवशी सकाळी एक्केचाळिसावी उत्तरपत्रिका तपासून झाल्यावर बाबा टेबलाशीच गेले. पेनाचं टोपण उघडं होतं. गठ्ठा एकशेवीसचा होता.

मंडळाने तत्काळ शोक व्यक्त केला आणि गठ्ठ्याची चौकशी केली. उरलेल्या एकोणऐंशी उत्तरपत्रिका तपासायला वेळ नव्हता. निकालाची तारीख कलाबरोबरच ठरते. तेव्हा त्या न तपासता त्यांना कलानुसार गुण देण्यात आले. एकोणऐंशी मुलं उत्तीर्ण, सरासरी अठ्ठ्याऐंशी. तपासलेल्या एक्केचाळिसांपैकी मात्र चौदा नापास होती. दोन्हींची तुलना करून अभ्यासगटाने निष्कर्ष काढला की, मुलांच्या अपयशाचं मुख्य कारण तपासणी हेच आहे. पुढच्या वर्षी दर तीन उत्तरपत्रिकांपैकी दोन न तपासण्याचा प्रयोग होईल.

त्या चौदांचं मी रजेवरून आल्यावर केलं, नेहमीप्रमाणे. गेल्यानंतरही बाबांची सही बदलली नाही. शेरे मात्र खोडले नाहीत. रबर हातात घेतला होता.

एकाच परीक्षकाच्या गठ्ठ्याने वर्षभरात इतकी मजल मारल्याचं दुसरं उदाहरण नसल्यामुळे बाबांना मरणोत्तर ‘उत्कृष्ट परीक्षक’ पुरस्कार जाहीर झाला. सभागृह भरलं होतं. पालक, पालकांचे फोन, उत्तीर्ण मुलं. सचिवांनी मानपत्र दिलं. (त्यात बाबांचा विषय भूगोल छापला होता.) प्रसिद्धी अधिकाऱ्यांनी माझ्या हातात माझं मनोगत दिलं आणि कानात म्हणाले, “ताई, दोनच मिनिटं हं. आणि ‘सहानुभूती’ हा शब्द गाळू नका, साहेबांचा आहे.”

मी कागदावरची पहिली ओळ वाचली. ‘माझे वडील सहानुभूतीचे महामेरू होते.’ पुढची वाचता येईना. कागद घडी घालून मानपत्राखाली ठेवला.

“बाबा,” मी म्हणाले, आणि माइकमुळे ते फार मोठ्याने ऐकू आलं. “तुमच्या गठ्ठ्याला अकरा वर्षं हात लागत होता. तो माझा होता. तुमचे एकतीस बरोबर होते. सगळेच बरोबर होते. मला तुम्हाला यादीत ठेवायचं होतं, म्हणून मी तुम्हाला खोटं पाडलं. आणि तुम्ही विचारलंत तेव्हा चहा ठेवला.”

तिसऱ्या रांगेत एक गृहस्थ उठले. शेजारी त्यांचा मुलगा पेढ्यासारखा गोड चेहरा करून बसला होता.

“मॅडम, तुमचं दुःख समजतं. पण एवढंच सांगा, आता मार्क कमी नाही ना होणार?”

“नाही.”

“झालं तर मग!” ते बसले आणि टाळ्या सुरू झाल्या. त्या दिवशीच्या सर्वांत लांब टाळ्या त्याच. वृत्तान्तात ‘कन्येचे हृद्य मनोगत’ अशी नोंद आहे.

मंडळाच्या नियमांत एक तरतूद अशीही आहे, जी फारशी कोणाला ठाऊक नाही. आपल्या पाल्याला हक्कापेक्षा जास्त गुण मिळाले आहेत असं वाटणाऱ्या पालकांनी खिडकी क्रमांक चारवर अर्ज करावा. वेळ अकरा ते एक. मनोगतानंतर माझी बदली त्याच खिडकीवर झाली आहे. आजवर आलेले अर्ज : शून्य.

तुम्हीही आता मनातल्या मनात आपल्या मुलाच्या परीक्षेचं वर्ष मोजून पाहिलं असेल. घाबरू नका, गुणपत्रिका भिंतीवरून काढायची गरज नाही. मी फक्त एवढ्यासाठी कळवते आहे की, बाबांनी तुमच्या मुलासाठी पेन्सिलीने काय लिहिलं होतं, ते मला अजून पाठ आहे. ते विचारायलाही कोणी आलेलं नाही.