गुलाबकाकांनी पास केलेला ब्रेकर

गुलाबकाका पंगतीतही बूट घालूनच जेवायला बसायचे. काळे, रबरी तळव्याचे. वाढणाऱ्यांना ते आवडायचं नाही. कोणी म्हटलंच, "काढा नं काका," तर म्हणायचे, "आन् तिकडं फ्यूज उडाला तं तू जाशीन काय, बाप्पा?"

अकोल्याच्या एका कापसाच्या जिनिंगमध्ये ते वायरमन होते. मी अंजनगाव सुर्जीहून कॉलेजसाठी आलो, तेव्हा जिनामागच्या चाळीत त्यांच्या शेजारची खोली मला मिळाली. आमच्या घरातून कॉलेजात पोचलेला मी पहिलाच. शहरात कोणाशी काय बोलावं हे मला कळत नसे. काकांपुढे ती अडचण नव्हती. तेच बोलायचे, आणि बहुधा त्यांच्या बोर्डाविषयीच.

जिनातला बोर्ड इंग्रजांच्या काळातला, पाटीच्या दगडाचा. त्यावर चिनीमातीचे फ्यूज. हंगामात मोटरीवर भार वाढला की फ्यूजची तार वितळायची, जिन थांबायचं, आणि एखादा हमाल चाळीत धावत यायचा, "काका, चाला लवकर!" काका घास गिळत, शिव्या देत निघायचे. मला त्यांची दया यायची.

मग शेठजींनी फ्यूजच्या जागी ब्रेकर बसवायचं ठरवलं. भार जास्त झाला की आपोआप पडून वीज तोडणारा. दांडी वर केली की पुन्हा चालू. निवड काकांवर सोपवली. नागपूरचा एजंट एकेक नमुना आणायचा आणि काका स्थळ पाहावं तसा तो पाहत.

"हा तं मोटर सुरू होतानाच आडवा होइन. नाजूक हाय."

दुसऱ्याची भोकं बोर्डावरच्या पट्ट्यांशी "जुयत नाईत." तिसरा फारच दांडगा निघाला. "हा पडनारच नाई. तार जयन, मोटर जयन, हा आपला उभा!"

चौथा सगळ्या बाबतींत बसला. काकांनी तो दिवसभर उलटासुलटा केला आणि म्हणाले, "दांडी लय सैल हाय."

एजंट वैतागला. "पोरगी द्याची हाय काय त्याले?"

"पोरगी असती तं देल्ली असती. बोर्ड नाई देत."

त्याच हंगामात एका दुपारी फ्यूज उडाला आणि ठिणगी रुईवर पडली. जिनात कामाला असलेल्या बायकांनी ओली पोती टाकून आग विझवली, पण त्यांतल्या कौतिकाबाईचा हात कोपरापर्यंत भाजला. काका तिला टांग्यातून दवाखान्यात घेऊन गेले. परत आल्याबरोबर त्यांनी एजंटाला निरोप धाडला : चौथा आण.

"पण दांडी सैल होती ना?" मी भीत भीत विचारलं.

"चांगली हाय दांडी. कोनालेबी वर करता येते." मग पुन्हा म्हणाले, "कोनालेबी."

ब्रेकर बसला. तो पडायचा, जवळचं कोणी दांडी वर करायचं, जिन चालू. चाळीत धावत कोणी येईना. काका संध्याकाळी दारात बसून जिनाचा आवाज ऐकत. आवाज थांबला की अर्धे उठत. लगेच सुरू झाला की पुन्हा बसत. पुढे पुढे ते दार लावून घ्यायला लागले.

एका संध्याकाळी मी ते दार वाजवलं. आत घाईघाईनं काहीतरी सरकलं. काका बाहेर आले ते हातात पक्कड घेऊनच.

"काय बंद पडलं?"

"काही नाही, काका. नुसताच आलो."

त्यांनी माझ्या खांद्यावरून मागे पाहिलं, आणखी कोणी आहे का म्हणून.

"नुसताच?" ते म्हणाले. "मंग... बस नं."

मी बसलो. ते मात्र बराच वेळ तसेच उभे होते.