वाफेची व्याख्या

या, असे पुढे सरकून बसा. मागे बसलात तर गोष्ट कानावर पडेल पण तिची ऊब लागणार नाही, आणि ही गोष्ट तर सगळी वाफेचीच आहे. धूर कशाला म्हणावं आणि वाफ कशाला, हे ज्या गावाने कायद्याने ठरवून घेतलं, त्या गावाची. तिच्यात दुष्ट असा कुणी नाही. सगळी भली, नेमस्त, नियमाला मान देणारी माणसं. तसं नसतं तर एवढं नुकसान झालंच नसतं.

जावा बेटाच्या डोंगरात वातुकुनिर म्हणून गाव आहे. तिथे पहाटे थंडी अशी की बोलणाऱ्याचं बोलणं आधी दिसतं, मग ऐकू येतं. या गावात गुनार्तो कुलपं दुरुस्त करून पोट भरी. पण त्याला मान होता तो ‘सकाळचं धुकं’ या वेप ओढणाऱ्यांच्या मंडळाचा अध्यक्ष म्हणून. वेप म्हणजे फळांच्या वासाचा रस तापवून त्याची वाफ ओढायची विजेची सिगरेट. मंडळाची बैठक संध्याकाळी आंगोरोच्या दुकानात भरे. आंगोरो वेपची यंत्रं विकायचा, बिघडली तर दुरुस्त करायचा, आणि दुरुस्त केलेली पुन्हा बिघडेपर्यंत त्यांच्यावर चर्चा चालायची.

“चव कशाने गेली म्हणता, अध्यक्ष? कॉइल जळली म्हणून.”

“कॉइलचं काही नाही रे. कापूस जुना झालाय.”

“मागच्या खेपेला तुम्हीच म्हणालात, बॅटरीने जाते.”

“ते फणसाच्या रसाबद्दल बोललो होतो. हा दुरियानचा. दुरियानचं शास्त्र वेगळं.”

यावर सगळे मान डोलवत आणि खोलीभर ढग सोडत. आंगोरोने एक यंत्र तर स्वतः बांबू कोरून केलं होतं. ते तो पाहुण्यांना दाखवी, हातात मात्र देत नसे.

दुकानाच्या शेजारी, गल्लीच्या तोंडाशी, गुनार्तोच्या आईची पुतूची गाडी उभी राही. तुगिनाहबाई देवाचं नाव घेऊन चूल पेटवायच्या. पत्र्याच्या डब्यात पाणी उकळे, डब्याच्या भोकांवर बांबूच्या छोट्या नळ्या उभ्या राहत. नळीत तांदळाचं पीठ, पोटात ताडगूळ, पांदानच्या पानाचा वास. उतरवल्यावर वर ओलं खोबरं, की झाला पुतू. उकडीच्या मोदकाचं सारण ज्यांनी कधी चोरून खाल्लंय, त्यांना मी वेगळं काय सांगू? डब्याच्या एका भोकाला शिट्टी होती. वाफ कोंडली की ती वाजे, आणि गल्लीतली पोरं खेळ टाकून धावत येत. तुगिनाहबाईंनी आयुष्यात गिऱ्हाइकाला हाक मारली नाही. शिट्टी हीच त्यांची हाक. त्या शिट्टीवर गुनार्तो लहानाचा मोठा झाला.

एके दिवशी गल्लीत पाटी लागली, ‘धूरमुक्त गल्ली’. पाठोपाठ नगरपालिकेच्या स्वच्छ हवा विभागाचे सुब्याक्तो साहेब आले. त्यांच्या ओठांत लवंग घातलेली, तिकडची लवंगी सिगरेट होती. त्यांनी गुनार्तोच्या हातातलं यंत्र काढून घेतलं.

“साहेब, आपली पेटलेली आहे,” गुनार्तो अदबीने म्हणाला.

“ही? ही लवंगी आहे. परंपरेसाठी स्वतंत्र कलम आहे,” साहेबांनी धूर सोडला. “तुमच्यासाठी कुठलंच कलम नाही, म्हणून तुम्हाला धुराचं लागतं.”

“पण हा धूर नाही, साहेब. वाफ आहे.”

हे वाक्य बोलून गुनार्तोच्या स्वतःच्याच अंगावर काटा आला. दुसऱ्या दिवशी सगळं मंडळ धुतलेले पांढरे रुमाल घेऊन नगरपालिकेत हजर झालं. एकेकाने रुमालावर झुरका सोडला. रुमाल पांढरेच राहिले. मग गुनार्तोने विनंती केली, आणि साहेबांनी आपल्या रुमालावर लवंगीचा झुरका सोडला. रुमाल पिवळा झाला. साहेबांनी तो घडी घालून खिशात ठेवला.

“वाफ आहे, मान्य,” ते म्हणाले. “पण मग ही वाफ बसते कुठे? कुठल्याच नियमात नाही. अशी मोकळी वाफ मला चालणार नाही.”

“आम्हालाही नाही चालणार,” गुनार्तो छाती काढून म्हणाला. “याला काहीतरी स्पष्ट नियम हवा.”

नियमाचा मसुदा करायला मंडळालाच बोलावलं. एवढा मान आजवर गावात कुणा कुलूपवाल्याला मिळाला नव्हता. गुनार्तो व्याख्या सांगू लागला, साहेबांचा कारकून लिहू लागला. ‘द्रव तापवून वाफ सोडणारं उपकरण’ इथवर सगळं सुरळीत होतं.

“विजेवर चालणारं,” कारकुनाने सुचवलं.

“नुसती वीज नको,” गुनार्तो म्हणाला. “उद्या कुणी निखाऱ्यावर चालणारं काढलं म्हणजे? ‘कोणत्याही उष्णतेने’ लिहा. आपल्या कायद्यातून कुणी उपाशी परत जायला नको.”

आंगोरोने त्याची बाही ओढली. “अध्यक्ष, माझं बांबूचं?”

“धातूची, काचेची वा बांबूची नळी असलेलं,” गुनार्तोने घातलं.

मग हेतूचा प्रश्न निघाला. अर्धं मंडळ म्हणालं, आम्ही सिगरेट सुटावी म्हणून ओढतो. उरलेलं म्हणालं, आम्ही मजेसाठी ओढतो, सिगरेट आम्हाला कधी नव्हतीच. तापातापी झाली. शेवटी गुनार्तोने तोडगा काढला: ‘वाफ कोणत्याही हेतूने निघो’.

नियम मंजूर झाला. वाफ आता नोंदणी केलेल्या बंद खोलीतच सोडायची, एकवीस वर्षांच्या आतल्याला द्यायची नाही, गोड चवीची जाहिरात करायची नाही, आणि मालावर इशाऱ्याचं चित्र छापायचं. आंगोरोच्या दुकानाची मागची खोली नोंदवली गेली. मंडळाने आनंदाने गुनार्तोला हार घातला. त्या ढगात हार दिसला नाही, ही गोष्ट वेगळी.

चारच दिवसांनी साहेब पुन्हा आले. या वेळी ते दुकानात शिरले नाहीत. ते गाडीपाशी थांबले.

“बाई, हे उपकरण द्रव तापवतं?”

“पाणी तापवते, साहेब.”

“पाणी द्रवच असतं. वाफ नळीतून येते?”

“बांबूच्या.”

“बांबू,” साहेबांनी समाधानाने मान हलवली. “व्याख्येत आहे. वास कसला?”

“पांदानचा. घ्या ना, गरम आहे.”

साहेबांनी गाडीभोवतीच्या पोरांकडे पाहिलं. “गोड चव, अल्पवयीनांना आकर्षित करणारी,” ते म्हणाले. “आकर्षित झालेले आहेत. आणि ही शिट्टी?”

“ती माझी हाक.”

“जाहिरात.” तपासणीसाठी म्हणून साहेबांनी एक पुतू उचलला. तो चटका देण्याइतका गरम होता, म्हणून त्यांनी फुंकर घातली, आणि तोंडातून चांगला ढग निघाला.

“तुम्हीही सोडलीत, साहेब,” तुगिनाहबाई म्हणाल्या.

“मी तपासणीवर आहे. हे व्यसन लावणारं आहे, असा इशारा यावर छापावा लागेल.”

“ते मात्र खरं हो. माझ्या गुनाला लागलंय लहानपणापासून.”

पुतू केवढा, अंगठ्याएवढा. इशाऱ्याचं चित्र त्यावर ठेवलं तेव्हा खाली पुतू होता की नाही, हे शोधावं लागलं. शिट्टीच्या भोकात साहेबांनी स्वतःच्या हाताने बूच बसवलं. पोरांना वयाचा दाखला मागितला. एकाने दुधाचा दात पडलेली जागा दाखवली. ती ग्राह्य धरली गेली नाही.

त्या संध्याकाळी मंडळ बंद खोलीत बसलं होतं. कॉइल उत्तम होती, कापूस नवा होता, पण गुनार्तोला कशाची चव येईना. बऱ्याच वेळाने त्याच्या ध्यानात आलं की बाहेर शिट्टी वाजत नाही. तो बाहेर आला. आई पालथ्या पातेल्यावर बसून नळ्या पुशीत होती. पुसलेल्या नळ्या परत पुशीत होती.

“आई, मी उद्या जाऊन सांगतो साहेबांना.”

“काय सांगशील?”

“की तुझी वाफ ती वाफ नाही.”

“मग काय आहे रे ती?” आईने विचारलं. तिच्या विचारण्यात राग नव्हता. तिला खरंच माहीत करून घ्यायचं होतं.

गुनार्तोने साहेबांसमोर पुष्कळ सांगून पाहिलं. पुतू खायचा असतो, ओढायचा नसतो. वाफ पिठासाठी असते, छातीसाठी नाही.

“‘वाफ कोणत्याही हेतूने निघो’,” साहेबांनी वाचून दाखवलं. “शब्द आपलेच. फार चांगले आहेत. जिल्ह्याने मागवून घेतले.”

“मग व्याख्याच चुकली, साहेब.”

“असं आपण लिहून देऊ शकता. पण विचार करा. व्याख्या चुकली तर आपलं यंत्र पुन्हा धुरात जाईल.”

ही बातमी मंडळात आली तेव्हा कुणी झुरका घेईना. अखेर आंगोरो घसा साफ करून म्हणाला, “अध्यक्ष, आई एकच असते, हे मला मान्य आहे. पण नोंदणी झालेली खोलीही एकच आहे.”

“तू माझ्या आईचे पुतू खाऊन मोठा झालास.”

“म्हणून तर म्हणतोय. बाईंना मंडळाचं सभासद करून घेऊ. गाडी आत आणू. ढगांच्या स्पर्धेत दरवर्षी पहिल्या येतील.”

“आणि पोरं?”

“एकवीसची होईपर्यंत थांबतील. आपण नाही का थांबलो?”

कुणीच थांबलेलं नव्हतं. गुनार्तोने आपलं आवडतं यंत्र खिशातून काढून आंगोरोच्या गल्ल्यावर ठेवलं आणि तो उठला. माणसाच्या आयुष्यात असा एखादा चांगला क्षण येतो. देव तो पाहतो, आणि नगरपालिकाही.

“साहेब,” दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, “आमचा तो धूरच होता. वाफ नव्हतीच. मी चुकलो.”

“प्रांजळपणाबद्दल विभाग आभारी आहे,” साहेब म्हणाले. त्यांना मनापासून भरून आलं होतं. “आपलं सगळं मंडळ आजपासून धूर.”

“आणि वाफेचा नियम रद्द ना?”

“तो का रद्द होईल? आपणच सांगितलंत, वाफ आपल्याकडे कधी नव्हतीच. मग ती ज्यांच्याकडे आहे तेवढे एकटेच उरले. नियम आता फक्त आपल्या मातोश्रींसाठी आहे.”

“एका म्हातारीसाठी अख्खा नियम?”

“अंमलबजावणी सोपी जाते हो,” साहेब म्हणाले.

गुनार्तो मान खाली घालून घरी आला. तुगिनाहबाईंनी सगळं ऐकून घेतलं.  मग म्हणाल्या, “शिट्टीला बूच लावलंय. माझ्या गळ्याला कुणी लावलंय का?”

दुसऱ्या पहाटे त्यांनी घरातच, खिडक्या लावून, पुतू उकडले. निववले. केळीच्या पानात बांधून टोपली डोक्यावर घेतली, आणि जन्मात कधी हाक न मारलेली ती बाई गल्लीच्या तोंडाशी उभी राहून गाऊ लागली. मशिदीतल्या बायकांच्या मेळ्यात नबीच्या स्तुतीची जी चाल म्हणत, तीच चाल; मधूनच ‘पुतू… गरम नाहीत हो, पण गोड आहेत’ एवढी जोड. आवाज म्हाताऱ्या माणसाचा, थोडा फाटका, पण असा भिजलेला की खिडक्या आपोआप उघडल्या. पोरं आली, त्यांच्या आया आल्या. ध्रुपद लोकांनी उचललं. ज्याने कधी भरल्या मंडपात टाळ्यांवर एखादं पद उचललंय, त्याला ती सकाळ डोळ्यांपुढे आणायला माझी गरज नाही.

सुब्याक्तो साहेब मागे उभे होते. त्यांनीही ध्रुपद म्हटलं. डोळे पुसले. मग त्यांचं लक्ष गेलं. सांगितलं ना, वातुकुनिरमध्ये बोलणं आधी दिसतं. तुगिनाहबाईंच्या प्रत्येक ओळीबरोबर तोंडातून पांढरी वाफ निघत होती, आणि चव पाहायला खाल्लेल्या पुतूमुळे तिला पांदानचा मंद वास होता.

साहेबांनी जड मनाने पेन काढलं. “उपकरण, वापरणारी स्वतः. द्रव, सकाळचा चहा. नळी…” ते थोडा वेळ अडले. “नळी, गळा.”

“गळा धातूचा नाही, काचेचा नाही, बांबूचा नाही,” गुनार्तो म्हणाला.

“आवाज बांबूसारखा आहे,” साहेब म्हणाले. “बासरी बांबूचीच असते. बाईंचा यात मी गौरवच करतोय.”

“साहेब, ध्रुपद म्हणताना तुमच्याही तोंडातून निघत होती.”

साहेबांनी खिशातून लवंगी काढून पेटवली. “माझा धूर आहे,” ते म्हणाले.

आता तुगिनाहबाई आंगोरोच्या मागच्या खोलीत गातात. ती रिकामीच होती; मंडळ धुरात गेल्यापासून सगळे यंत्रं टाकून साहेबांच्या शेजारी धुराच्या कोपऱ्यात बसतात आणि लवंगीतला भेद शिकतात. खोलीचं दार बंद असतं. दाराला बाहेरून पोरांचे कान लागलेले असतात. कानांबद्दल अजून नियम नाही; मसुदा चालू आहे असं ऐकतो.

तर आता उठाल, घरी जाल. उद्या सकाळी आल्याचा चहा कराल, वर वेलची ठेचून टाकाल. वास झाला, चव झाली. नळी तेवढी नाही, असं म्हणू नका. किटलीची चोच एकदा नीट पाहून घ्या. तो चहा पिता पिता पेपरातलं काहीतरी वाचून तुम्ही वैतागाल, आणि आपण सगळेच म्हणतो ते तुमच्याही ओठांवर येईल, की याला काहीतरी स्पष्ट नियम हवा. तोंडाची ती वाफ दवडण्याआधी, माझ्यासाठी एवढं करा, वातुकुनिरच्या तुगिनाहबाईंची एकदा आठवण काढा.