चिकटवलेली दोन पानं

मी चौथीत शाळा सोडली, पण शाळेचं काही अडलं तर ते निस्तरायची अक्कल हेडबाईंपेक्षा मला जास्त आहे, असं मी परवापरवापर्यंत छातीठोक सांगत होते. तुमच्याही कानावर आलं असेल. मी सांगितलेलं ऐकलं नाही असं माणूस आमच्या गल्लीत औषधालाही सापडायचं नाही!

माझी सून नववीला इंग्रजी शिकवते. शिकवते म्हणजे काय, तर गोष्टीचं पुस्तक वाचायचं आणि त्यावर बोलत बसायचं. त्याचा पगार! एका शनिवारी तिने शाळेची बत्तीस पुस्तकं घरी आणली. सगळी एकसारखी. प्रत्येकात त्याच एका जागी पिवळी चिठ्ठी लावत बसली. लावता लावता फोनवर मैत्रिणीला म्हणते कशी, "ते पान जवळ येतंय तशी माझी झोप उडालीय गं. त्यातून या पुस्तकाबद्दल एका पालकाची तक्रार आलीय. हेडबाई म्हणाल्या, जपून."

मी कांदा चिरत होते. डोळे भरलेले, पण कान मोकळे.

म्हणजे पुस्तकात घाण आहे! आणि हिची नोकरी अजून कायम झालेली नाही! मी असताना या घरातली नोकरी जाते म्हणजे काय?

रविवारी ती माहेरी गेली. मी लगेच ह्यांना बसवलं. ह्यांना इंग्रजी येतं, पण वाचतात असं, की चिखलात रुतलेली गाडी बरी.

"अहो, चिठ्ठीचं पान वाचा, मराठीत."

"चष्मा कुठाय माझा?"

"डोक्यावर! वाचा!"

"मुलगी... पलंगापाशी आली. तिने... दार लावून घेतलं. मग अंगावरचं पांघरूण..."

"बस्स!" मी पुस्तक हिसकावून घेतलं. "या वयात असलं वाचताय? लाज नाही वाटत?"

"अगं, तूच तर म्हणालीस..."

"आणि पांघरुणाचं पुढे काय झालं ते विचारायचं नाही!"

विचारणारच होते. तोंडावर लिहिलं होतं.

मी पातेलंभर खळ शिजवली. कीड लागू नये म्हणून त्यात लवंग कुटून घातली, माझं काम असं असतं. बत्तीस चिठ्ठ्या काढून टाकल्या आणि बत्तीस पुस्तकांतली ती समोरासमोरची दोन पानं एकमेकांना चिकटवली. मग पुस्तकं गादीखाली मांडली आणि वजन म्हणून वर ह्यांना झोपवलं. कूस बदलायची नाही, अशी ताकीद देऊन. दोन तास घोरले. इतकं उपयोगी पडलेलं मी त्यांना लग्नापासून पाहिलं नव्हतं!

सोमवारी सूनबाई घाईत पुस्तकं पिशव्यांत भरून गेली. मी दिवसभर घरात महाराणीसारखी वावरले.

संध्याकाळी ती आली, पिशवी ठेवली आणि चपला न काढता खुर्चीवर बसली.

"आई, खळीत लवंग तुम्हीच घालता ना?"

"मग! आहे का दुसऱ्या कुणाला सुचण्यासारखं?"

"वर्गभर वास येत होता."

मग हळूहळू कळलं. चिकटलेलं पान दिसल्यावर जी पोरं एरवी पुस्तकाकडे ढुंकून बघत नाहीत, ती सगळी तुटून पडली होती! कुणी पट्टी घातली, कुणी डब्याच्या वाफेवर धरलं, एकाने तर चाटून पाहिलं. शेजारच्या वर्गातली पोरं खिडकीला लोंबकळली. तक्रारवाले पालक नेमके शाळेत आलेले. ते ओरडले, "बघा! शाळेनेच लपवलंय!" हेडबाईंनी विचारलं, हे कुणी केलं?

"मग तू काय सांगितलंस?"

"मी केलं म्हणून सांगितलं."

मी तिची पिशवी उचलून उगाच कोपऱ्यात सरकवली. तरी म्हटलं, "अगं, तुझी नोकरी वाचावी म्हणून केलं. ते घाणेरडं..."

"आई, त्या पानावर गोष्टीतल्या मुलीची आई जाते हो. मुलगी तिचं पांघरूण सारखं करते."

आमचे हे पेपरामागे गेले.

सूनबाईच्या वर्गात एक मुलगी आहे. तिची आई गेल्या वर्षी वारली. हे पान येणार म्हणून सूनबाईने तिला पंधरा दिवस आधीपासून विचारलं होतं, तू त्या दिवशी वाचनालयात बसतेस का? हे वाचायचं का नाही, तूच ठरव. मुलगी आधी विषय टाळायची. मग एक दिवस म्हणाली, "बाई, मी वाचते. मोठ्याने. मीच." घरी वडिलांसमोर तयारी केली म्हणे. सोमवारी ती उभी राहिली, तर पान उघडेना. तिने ओढलं, ते मधोमध फाटलं. वर्ग हसला. पानाला हसला हो, पण तिला ते कसं कळणार?

"तिला वाटलं, मी ऐन वेळी तिच्यावर भरवसा ठेवला नाही," सून म्हणाली आणि चपला काढायला उठली.

मी जन्मात कुणाची माफी मागितलेली नाही. माझ्या सासूबाई वाट बघून गेल्या. पण दुसऱ्या दिवशी शाळेत जाऊन मी त्या मुलीला नळापाशी गाठलं. एवढीशी पोर, बाटली भरत होती.

"पानं मी चिकटवली गं. तुझ्या बाईंनी नाही."

"का, आजी?"

"वाईट असेल असं वाटलं मला."

"तुम्ही वाचलं होतं?"

"...दीड ओळ. तीही ह्यांनी."

ती रागावली असती तर मला बरं वाटलं असतं. तिने नुसतं बाटलीचं झाकण लावलं. "बाईंनी मला चारदा विचारलं होतं," म्हणाली.

"मग आता वाच ना! नवीन पुस्तक आणून देते."

"आता नको, आजी."

आणि वर्गात गेली. मागे वळूनही बघितलं नाही. अजून वाचलेलं नाही तिने. सूनही पुन्हा विचारत नाही.

त्या संध्याकाळी मी सूनबाईला म्हटलं, तुझं स्वतःचं पुस्तक आण आणि ते पान मला मराठीत सांग. बघू तरी, मी काय चिकटवलं.

तिने पुस्तक उघडलं. मग थांबली. "आई, चालेल ना तुम्हाला? जड वाटलं तर मध्येच सांगा, मी थांबते."

त्रेसष्ट वर्षांत मला हे कुणी विचारलं नव्हतं. "मला काय धाड भरलीय? वाच!"

ती वाचू लागली. मुलगी पांघरूण सारखं करते. आई डोळे उघडते. आवाज फुटत नाही, तरी विचारते, "जेवलीस का गं?"

"अगोबाई, दूध उतू जातंय!" मी ओरडले आणि स्वयंपाकघरात पळाले. ओट्याला धरून, भिंतीकडे तोंड करून उभी राहिले.

बाहेरून ह्यांचा आवाज आला, "अगं, आज दूध आलंच नाहीये!"