अंगण अजून गोलच आहे

लिओनाचं पत्र येऊन चार वर्षं झाली होती आणि नॉर्बर्ट हॉगेनने त्याला अजून उत्तर दिलं नव्हतं. पत्र हरवलं होतं अशातला भाग नाही. ट्रेलरच्या, म्हणजे त्याच्या चाकांवरच्या घराच्या, दुरुस्तीचं एक जाडजूड पुस्तक त्याच्या उशाशी असे, त्यात 'छपराची निगा' या प्रकरणाशी ते खूण म्हणून ठेवलेलं होतं. दर वसंतात छपराचे सांधे तपासायची वेळ आली की ते आपसूक हाताला लागे. मग नॉर्बर्ट ते पहिल्यापासून शेवटपर्यंत वाची, पुन्हा घडी घाली आणि शिडी घेऊन छपरावर चढे.

पत्र होतं लहानसंच. "नॉर्बर्ट, तू ट्रेलर घेतलास असं ऐकलं. मग तो घेऊन इकडे ये. घराशेजारी वीज-पाण्याची जोडणी करून ठेवली आहे. आणि हो, माझं अंगण गोल आहे. एका फाटकातून आत यायचं, दुसऱ्यातून बाहेर पडायचं. तुला गाडी मागे घ्यावी लागणार नाही. लिओना."

या शेवटच्या वाक्याचा अर्थ जगात दोनच माणसांना कळला असता. जिल्हा ग्रंथालयाच्या फिरत्या बसवर दोघांनी बावीस वर्षं एकत्र काम केलं होतं. लिओना बस चालवायची आणि नॉर्बर्ट आत बसून पुस्तकं द्यायचा, शिक्के मारायचा. शेतांच्या अरुंद वाटांवर बस मागे घ्यायची वेळ आली की तो डोळे मिटून घेई. बस जागेवर लागली की लिओना पुढून ओरडे, "उघड डोळे नॉर्बर्ट, झालं!" तिच्या निरोप-समारंभात बोलायला उभा राहिला तेव्हा त्याच्या मनात बरंच काही होतं. प्रत्यक्षात तो परत न आलेल्या पुस्तकांविषयी चार वाक्यं बोलला आणि खाली बसला. लिओना नेब्रास्कातल्या आपल्या माहेरच्या शेतावर राहायला गेली. पुढल्या वर्षी नॉर्बर्ट निवृत्त झाला आणि त्याने ट्रेलर घेतला. कशासाठी, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. स्वतःलाही नीटसं सांगितलं नाही.

ट्रेलर चांगला चौतीस फुटी होता. साध्या ट्रेलरसारखा तो मागच्या आकड्याला लटकत नसे, तर आपलं उंच नाक पिकअप ट्रकच्या हौद्यात टेकवून उभा राही. पुढे जाताना तो शहाण्या बैलासारखा मागून येई. मागे घेताना मात्र चाक उजवीकडे फिरवलं की स्वारी डावीकडे निघे. साउथ डकोटातल्या तळ्याकाठच्या कॅम्पग्राउंडवर, ट्रेलर लावून राहायच्या मुक्कामतळावर, पहिल्याच दिवशी नॉर्बर्टला याचा साक्षात्कार झाला.

आणि कॅम्पग्राउंडवरची एक रीत आहे. कुणी ट्रेलर मागे घेऊन जागेवर लावू लागलं, की बाकीचे घडीच्या खुर्च्या काढून बाहेर येऊन बसतात. त्यात दुष्टावा नसतो. सूर्यास्त बघावा तसं ते बघतात. पण नॉर्बर्टचा तो सूर्यास्त पन्नास मिनिटं चालला. एक नळ आडवा झाला, जिरेनियमची कुंडी गेली, आणि शेवटी शेजारच्या ड्वेन केसलरने, तीस वर्षं मालट्रक चालवलेल्या माणसाने, चाक हातात घेऊन दोन मिनिटांत ट्रेलर चौदा नंबरच्या जागेवर बसवला. तेव्हा जी टाळी पडली ती नॉर्बर्टच्या कानांतून अजून गेली नव्हती.

त्यानंतर ट्रेलर जागचा हलला नाही. हिवाळ्यात नॉर्बर्ट गावातल्या भाड्याच्या खोलीत राही आणि मे महिना लागला की ट्रेलरमध्ये येई. लिओनाचं पत्र आलं तेव्हा त्याने ठरवलं, ट्रेलर पुरता तयार झाला की उत्तर लिहायचं. मग त्याने छपराचे सांधे नव्याने सील केले. छप्पर झाल्यावर खिडक्यांचं रबर जुनं दिसू लागलं. खिडक्या झाल्या तर भिंती उदास वाटल्या, म्हणून ट्रेलरच्या भिंतीतून बटणाने बाहेर सरकणाऱ्या खोलीत त्याने जमिनीपासून छतापर्यंत पुस्तकांच्या फळ्या ठोकल्या. दाराशी लाकडी ओटा बांधला. चाकांच्या बेअरिंगमध्ये चार वर्षांत चारदा नवं ग्रीस भरलं, आणि त्या चार वर्षांत चाकं फूटभरही फिरली नव्हती.

शिवाय उत्तराचंही अवघड होत चाललं होतं. आठवडाभर उशीर झाला तर एका ओळीची माफी पुरते. वर्षभराच्या उशिराला पानभर लागतं. चार वर्षांच्या उशिराला किती लागेल याचा अंदाज घेताघेता नॉर्बर्ट दोन वह्या संपवून बसला होता. लिओना मात्र दर नाताळला एक कार्ड पाठवी. त्यावर एकच ओळ असे: "अंगण अजून गोलच आहे."

सप्टेंबरातल्या एका सकाळी कॅम्पग्राउंडची मालकीण मार्लिस चिखलाने भरलेले बूट घालून ओट्यापाशी येऊन उभी राहिली.

"मिस्टर हॉगेन, वाईट बातमी आहे. पाण्याचा मोठा पाइप फुटलाय. बरोबर तुमच्या खाली."

"माझ्यामुळे?"

"तुमच्यामुळे कसा फुटेल? पण खणावं लागणार. दोन दिवस समोरच्या बावीस नंबरवर जा. चाळीस फुटांवर तर आहे. मागे घेतला की झालं."

नॉर्बर्टने बावीस नंबरकडे पाहिलं. "मागे?" त्याने विचारलं.

"मग काय, आडवा उचलून ठेवणार?"

ड्वेन हे ऐकत कुंपणापाशी उभाच होता. नॉर्बर्टने आशेने त्याच्याकडे पाहिलं आणि त्याची आशा तिथेच विझली. ड्वेनच्या गळ्याभोवती पांढरा जाड पट्टा होता. गेल्याच आठवड्यात त्याची मान धरली होती. आता कुणाकडे बघायचं तर तो अख्खाच्या अख्खा वळे.

"माझ्याकडे बघू नकोस प्रोफेसर," ड्वेन म्हणाला. नॉर्बर्ट आयुष्यात कधी प्रोफेसर नव्हता, पण ड्वेनला ते मान्य नव्हतं. "मला पुढचंच दिसतं सध्या. तू चालव, मी सांगतो."

"तू काय सांगणार? तुला मागचं दिसत नाही ना!" त्याची बायको बेव दारातून म्हणाली. "मी सांगते. नॉर्बर्ट, माझ्या हाताकडे बघायचं फक्त."

आधी बाहेर काढलेली खोली आत घ्यायला हवी होती. नॉर्बर्टने बटण दाबलं. मोटर कण्हली, खोली चार बोटं सरकली आणि थांबली.

"आत काय ठेवलंयस, दगड?" ड्वेनने विचारलं.

"पुस्तकं."

"किती?"

"आठशे चाळीस," नॉर्बर्ट म्हणाला, आणि प्रामाणिक माणूस असल्यामुळे पुढे म्हणाला, "माळ्यावरची सोडून."

मग पुस्तकं काढायला सगळं कॅम्पग्राउंड लोटलं. माणसांची रांग लागली, हातोहात पुस्तकं बाहेर आली आणि सहलीच्या टेबलांवर त्यांचे ढीग लागले. कामात एकच अडचण होती. ज्याच्या हातात पुस्तक येई तो ते उघडून बघे. अकरा वाजेपर्यंत निम्मी रांग टेबलांपाशी बसून वाचत होती. बसायला अर्थातच प्रत्येकाने आपापली घडीची खुर्ची आणली होती. नॉर्बर्टने त्या खुर्च्या मोजल्या. एकोणीस.

रिकामी झालेली खोली मात्र चटकन आत गेली. मग ओट्याशी घोडं अडलं, कारण नॉर्बर्टने तो वाऱ्याने हलू नये म्हणून ट्रेलरलाच सहा स्क्रूंनी जोडून टाकला होता. "कुणी शिकवलं तुला हे?" ड्वेन म्हणाला. "पुस्तकाने," नॉर्बर्ट म्हणाला. स्क्रू काढले. चाकांखालचे ठोकळे काढले. नॉर्बर्टने ट्रक इंच इंच मागे आणला, ट्रेलरची पिन हौद्यातल्या जबड्यात खटकन बसली, ड्वेनने दिव्यांची आणि ब्रेकची केबल जोडली, ट्रेलरचे पुढचे पाय वर घेतले. ट्रेलरचे ब्रेक दाबून धरून ट्रक हळूच पुढे ओढून पाहिला. पिन पक्की होती. आता कुठलंही कारण उरलं नव्हतं.

ट्रेलर चौदा नंबरवरून निघाला तो इतका अलगद, की नॉर्बर्टला क्षणभर अभिमान वाटला. ते चार वर्षांचं ग्रीस होतं. मग तो बावीस नंबरच्या पुढे गेला, थांबला आणि आरशात पाहिलं. आरशात एकोणीस खुर्च्या होत्या. लोकांनी पुस्तकात बोट घालून माना वर केल्या होत्या. बेव रस्त्यात उभी राहून दोन्ही हात हलवत होती. तिच्यामागे मार्लिस एकच हात हलवत होती, तोही उलट्या बाजूला. ड्वेन अख्खा वळून ओरडत होता, "दोघींकडे बघू नकोस! माझ्याकडे बघ!"

नॉर्बर्टने तिघांकडे बघितलं. ट्रेलरचं बूड कचऱ्याच्या डब्याकडे निघालं.

"थांब, थांब, थांब!" तिघेही एकदम ओरडले. तेवढ्यात तीन नंबरवाल्या बाई मक्याच्या लाह्यांचं पातेलं घेऊन आल्या आणि खुर्चीवर ऐसपैस बसल्या. खुर्च्या वीस झाल्या.

"काही बिघडलं नाही!" ड्वेन म्हणाला. "थोडा पुढे घे, सरळ कर, आणि पुन्हा मागे ये!"

नॉर्बर्टने थोडा पुढे घेतला. ट्रेलर सरळ व्हायला आला होता, पण अगदी सरळ नव्हता. त्याने अजून थोडा पुढे घेतला. आता आरशात खुर्च्या जरा लहान दिसत होत्या, आणि नॉर्बर्टच्या लक्षात आलं की त्या लहान झाल्या की श्वास घेता येतो. त्याने अजून थोडा पुढे घेतला. कॅम्पग्राउंडचं फाटक आलं. फाटकातून बाहेर पडून वळून यावं असा त्याचा खरोखर विचार होता. पण बाहेरचा रस्ता अरुंद होता आणि चौतीस फूट वळवायला जागा नव्हती. पुढे सहा मैलांवर धान्याच्या कोठारांपाशी मोठं मैदान होतं. तिथे वळता आलं असतं, पण तिथल्या बाकावर पाच शेतकरी बसले होते. नॉर्बर्टला बघताच, सगळ्यांना नीट दिसावं म्हणून, त्यांच्यातला एक उठून दुसऱ्याला जागा करून देऊ लागला. नॉर्बर्ट तसाच पुढे गेला.

फोन वाजला. नॉर्बर्टने गाडी कडेला घेतली.

"प्रोफेसर," ड्वेनचा आवाज आला, "झाला का सरळ?"

"होतोय," नॉर्बर्ट म्हणाला.

"आहेस कुठे तू?"

नॉर्बर्टने समोरची पाटी वाचली. ती दक्षिणेकडे जाणाऱ्या हमरस्त्याची होती. नेब्रास्का त्याच बाजूला होतं.

"ड्वेन, तो पाइप दुरुस्त व्हायला किती दिवस लागतील?"

"दोन. का रे?"

"मला जरा जास्त लागतील असं वाटतं."

पलीकडे कुजबुज झाली. मग बेव फोनवर आली. "नॉर्बर्ट, खरं सांग. त्या नाताळच्या कार्डवालीकडे निघालास ना?"

"तुला काय माहीत?"

"कार्ड उघडं असतं. हिवाळ्यात इथलं टपाल गावात आणून कोण देतं तुला? जा बाबा! चार वर्षं झाली, आम्ही पैजा लावून थकलो! आणि तुझी पुस्तकं?"

बावीस वर्षांत शिक्का मारल्याशिवाय नॉर्बर्टने कुणाला पुस्तक दिलं नव्हतं. त्याने डोळे मिटले, उघडले. "वाचा," तो म्हणाला. "फक्त पानं दुमडू नका."

"मी चाळिसाव्या पानावर आहे," बेव म्हणाली. "इतक्यात येऊ नकोस."

त्यानंतर दोनशे दहा मैल नॉर्बर्ट नाकासमोर गेला. जिथून सरळ पुढे बाहेर पडता येईल अशाच पंपावर त्याने डिझेल भरलं. एका मालट्रकवाल्यांच्या खाणावळीत त्याने ॲपल-पाय मागवला, कागद काढला आणि माफीचं पहिलं पान लिहिलं. ते फाडलं. दुसरं लिहिलं, तेही फाडलं. वाढणाऱ्या बाईने तिसऱ्यांदा कॉफी ओतली आणि विचारलं, "राजीनामा लिहिताय का?" तिसऱ्या कागदावर त्याने दोनच ओळी लिहिल्या, लिफाफा बंद केला, आणि तिकीटही लावलं, कारण तिकिटाशिवाय पेटीत पत्र टाकणं त्याला पटलं नसतं.

ऊन कलायला लागलं तेव्हा लिओनाचं शेत आलं. फाटकाशी खांबावर टपालाची पेटी होती, तिच्यावर लिओनाचं नाव होतं. त्यापलीकडे अंगण होतं, आणि ते खरंच गोल होतं. वाटेवर ताजी खडी पसरलेली होती. दर वर्षी पसरत असणार. नॉर्बर्टने पेटीशी गाडी उभी केली आणि तेव्हा त्याला ओसरीवरच्या घडीच्या खुर्च्या दिसल्या. सवयीने त्याने त्या मोजल्या. पण खुर्च्या दोनच होत्या, आणि त्यातली एक रिकामी होती.

दुसरीवरून लिओना उठली, डोळ्यांवर हात धरून बघत फाटकापर्यंत आली. केस सगळे पांढरे झाले होते, चाल मात्र तीच, बसची किल्ली हातात असल्यासारखी.

"नॉर्बर्ट! अरे, तिथे काय करतोयस?"

"तुझ्या पत्राचं उत्तर टाकतोय," नॉर्बर्ट म्हणाला. इतका लाल तो निरोप-समारंभातही झाला नव्हता.

"अरे, दे ना माझ्या हातात!"

"तिकीट लावलंय."

लिओनाने लिफाफ्याकडे पाहिलं, चौतीस फुटी ट्रेलरकडे पाहिलं, आणि हसू दाबत म्हणाली, "हे बघ, टपालवाला उद्या सकाळी येणार, ते गावात नेणार, त्यावर शिक्का मारणार आणि परवा परत आणून मला देणार. परवापर्यंत मला कसं कळायचं तू काय लिहिलंयस ते?"

नॉर्बर्टने थोडा विचार केला.

"चालेल," तो म्हणाला. "तोवर थांबतो मी."

आणि त्याने पत्र पेटीत टाकलं, झाकण लावलं, आणि आत न्यायचं पत्र आहे हे टपालवाल्याला कळावं म्हणून पेटीचं तांबडं निशाण उभं केलं.