अण्णांच्या बांधाचा वेग

नववीच्या भूगोलातला भूपट्टांचा पाठ आपण एका तासात शिकवू, आणि तो असा शिकवू की पोरं म्हातारी झाली तरी विसरणार नाहीत, असं मच्छिंद्र गाढे सरांनी शिक्षकांच्या खोलीत जाहीर केलं. एका हातात चहाची बशी होती. आवाज असा, जणू पृथ्वी यांनीच तापवली, यांनीच निववली आणि वर साय धरल्यावर तिचे तुकडेही यांनीच पाडले.

आपण ज्याच्यावर उभे आहोत ते पृथ्वीचं कवच सलग नाही. त्याचे मोठमोठे तुकडे आहेत, ते सावकाश सरकतात, आणि दोन तुकड्यांच्या कडा भेटतात तिथं डोंगर उठतात, दऱ्या पडतात, जमीन हादरते. एवढी सरळ गोष्ट. पण पुस्तकात छापलं होतं, 'शिलावरणाचे दृढ खंड प्रावरणातील अभिसरण प्रवाहांमुळे विस्थापित होतात.' हे वाक्य लिहिणाऱ्याच्या टाचेला जन्मात माती लागलेली नसणार. तीन वर्षांमागं लातूरकडं भूकंप झाला तेव्हा हीच पोरं आईबापांबरोबर महिनाभर अंगणात झोपली होती. जमीन हलते कशानं, हे त्यांना खरोखर विचारायचं होतं. हातात काय मिळालं, तर 'विस्थापित'.

"पोरांना बांधावर नेतो," मच्छिंद्र सर म्हणाले.

मुख्याध्यापक भुजंगरावांनी आपली बशी खाली ठेवली. "सर, पापड घ्या. भाकरी घ्या. घरची गोधडी आणा. बांध कशाला?"

"कारण बांध सरकतो हे आंबेडोहातल्या शेंबड्या पोराला बी ठाऊक हाय."

"म्हणूनच म्हणून राह्यलो, नका नेऊ."

भुजंगरावांचं ऐकायला हवं होतं. कारण मच्छिंद्र सर चौथ्या वर्षीही तात्पुरतेच होते. जूनमध्ये आदेश, एप्रिलच्या शेवटाला रामराम. त्यांना कायम करायचा प्रस्ताव संस्थेचे अध्यक्ष रामराव अण्णा यांच्या घरी, दिवाणावरच्या गादीखाली, सहीची वाट बघत चपटा होत पडला होता. अण्णांनी चौथीतच शाळा सोडलेली. पुढं चार पैसे हाती आल्यावर त्यांनी शाळेचा सूड घेतला, म्हणजे शाळाच काढली. आपल्याकडं अशा सुडाला शिक्षणप्रसार म्हणतात आणि त्याला अनुदान मिळतं.

शाळेच्या पाठीमागंच दोन शेतं होती. उत्तरेचं अण्णांचं, दक्षिणेचं सुगंधाबाईचं. सुगंधाबाईचा नवरा मल्हारी आठ महिने मेंढरं घेऊन बाहेर, शेत बाईच बघायची. जवळ पडतो म्हणून सरांनी याच दोन शेतांमधला बांध निवडला. सत्तावीस पोरंपोरी बांधावर उभी केली.

"हा बांध मागच्या साली कुठं होता?"

पोरं एकमेकांकडं बघायला लागली. शेवटी रायभान म्हणाला, "सर, खरं सांगू का?"

"भूगोलात खरंच सांगायचं असतं."

"वीतभर तिकडं होता." त्यानं अण्णांच्या शेताकडं हात केला.

"शाब्बास. आपला भारत बी असाच. वर्षाला तीन बोटं, पाच सेंटिमीटर, उत्तरेकडं. तिकडं दुसरा तुकडा आडवा बसलेला. माघार कोणीच घेईना. मंग मधली माती वर उठली. ती माती म्हंजे हिमालय."

सत्तावीस तोंडं उघडी पडली. सरांना चेव आला. दोन तुकडे एकमेकांपासून लांब चालले तर मधे चर पडते, चरीतून खालचा तापलेला रस वर येतो, तो थिजून समुद्राचा नवा तळ होतो. आणि दोन तुकडे एकमेकांना घासत चालले तर? चिंचोळ्या पांदीत दोन बैलगाड्यांची चाकं एकमेकांत अडकतात, बैल जोर लावतात, चाक हलत नाही, हलत नाही, आणि एकदम सुटतं. तो हिसका म्हणजे भूकंप.

"सर, लातूर कडेवर हाय का मंग?" बेबीनंदानं विचारलं. ही सुगंधाबाईची मुलगी.

"न्हाई. लातूर मधीच हाय. पण कडेवर सारखी ढकलाढकली चालली की मधली जुनी भेग बी कधीमधी करकरते."

असा पाठ जालना जिल्ह्यात त्या वर्षी दुसऱ्या कुणी शिकवला नसेल. सरांचंही तेच मत होतं. त्याच भरात त्यांनी घरचा अभ्यास दिला. गावातला एक बांध घ्या, त्याची जुनी खूण शोधा, खुणेपासून बांधापर्यंत मोजा, वर्षांनी भागा, वेग काढा.

तिसऱ्या दिवशी बेबीनंदानं वही पुढं केली. तिला हद्दीचा दगड सापडला होता. चौऱ्याहत्तर सालच्या मोजणीतला. अण्णांच्या कपाशीत, जुन्या पऱ्हाट्यांच्या ढिगाखाली. दगड ते बांध, अकरा फूट. वर्षं बावीस.

सरांनी भागाकार तपासला. भागाकार तेवढा तपासला. काय भागलंय, कुणाला भागलंय, इकडं त्यांचं लक्षच नव्हतं. मास्तर माणूस, उत्तर बरोबर दिसलं की त्याला बाकी काही दिसत नाही. त्यांनी लाल पेनानं लिहिलं, 'बरोबर. छान.' खाली सही, तारीख. एवढ्यावर भागलं असतं, पण त्यांनी बेबीनंदाकडून मोठ्या कागदावर तक्ता करून घेतला आणि तो शाळेच्या ओट्यावर लावला.

काही वेग (दर वर्षी):
माणसाचं नख: ४ सें.मी.
भारत: ५ सें.मी.
अण्णांचा बांध: १५ सें.मी.

भुजंगरावांनी तक्ता दोनदा वाचला. मग त्यांनी तीन दिवसांच्या रजेचा अर्ज लिहिला. स्वतःचाच, स्वतःलाच.

दुसऱ्या दिवशी सुगंधाबाई शाळेत आल्या. हातात मुलीची वही.

"सर, ही सही तुमचीच नं?"

"माझीच. लई हुशार हाय तुमची पोरगी."

"शाळेचा शिक्का बी मारता का वर?"

एक आई पायी चालत येऊन भूगोलाची चौकशी करते, याचंच सरांना भरून आलं. भुजंगराव रजेवर होते, शिक्का टेबलावर होता. सरांनी तो दोनदा मारला, एक जरा फिका उठला म्हणून. ते पान सुगंधाबाईंनी मोजणीच्या अर्जाला जोडलं आणि जाफ्राबादच्या मोजणी कचेरीत नेऊन दिलं. बावीस वर्षं अण्णा बाईला सांगून राह्यले होते की दगड पुरात वाहून गेला. आंबेडोहात ओढा आहे, पण दगड वाहून नेईल असा पूर तिथं कुणी बघितलेला नाही.

मोजणीची नोटीस आली त्या संध्याकाळी अण्णांनी सरांना घरी बोलावलं. माफीची चार वाक्यं तोंडात घोळवत सर गेले, तर अण्णा हसत होते.

"बसा सर. तुमचा पाठ वाचला मी, पुतण्याच्या वहीत. लई अभ्यास हाय बुवा तुमचा."

"अण्णा, ते पोरांनी..."

"ऐका तर. जमीन आपोआप सरकते असं लिवलंय. सरकते का न्हाई?"

"सरकते, पण ती..."

"पण-बिण राहू द्या. बिलकुल बराबर शिकवलं तुम्ही. बावीस वर्षं ही बाई माझ्या नांगराच्या नावानं बोटं मोडून राह्यली. नांगराचा काय संबंध? जमीनच सरकली. मोजणीच्या दिवशी चार लोकांत एवढंच सांगायचं." अण्णांनी गादी उचलली, प्रस्ताव काढला, झटकला. "त्या दिवशी पेन मी खिशात घेऊनच येतो."

घरी बायकोनं, नंदाबाईनं, सगळं ऐकून घेतलं. "मंग सांगा की सरकली म्हणून."

"अगं, पृथ्वीबद्दल खोटं बोलू?"

"पृथ्वी तुमच्या पगारावर न्हाई. मी हाय. दोन लेकरं हायेत. माझ्या बापाला चार वर्षं सांगून राह्यले, औंदा कायम होतो."

पण मच्छिंद्र सर हरणारे नव्हते. चार दिवस विचार करून त्यांनी तोड काढली. एकही वाक्य खोटं बोलायचं नाही. जमीन सरकते, खरं. वर्षाला तीन बोटं, खरं. माणसानं नांगर लावला नाही तरी सरकते, तेही खरं. एवढं बोलून खाली बसायचं. बांधाचं नावच काढायचं नाही. पृथ्वीही खूश, अण्णाही खूश. या तोडीवर ते एवढे बेहद्द खूश झाले की जालन्याहून नवं शर्टाचं कापड आणलं.

मोजणी फेब्रुवारीत झाली. कपाशी निघालेली, रान मोकळं. मोजणीवाले बद्रीनाथ साहेब छत्रीखाली फळी मांडून बसले. निम्मं गाव लोटलं. नववीचा वर्ग तर झाडून आला, त्यांच्या दृष्टीनं हा अभ्यासच होता. अण्णांच्या खिशात पेन चमकत होतं.

"साहेब, साखळी टाकायच्या आधी आमच्या सरांचं दोन मिनिटं ऐका," अण्णा म्हणाले.

सर उभे राहिले. तिन्ही खरी वाक्यं त्यांनी ठणठणीत आवाजात सांगितली.

"जमीन आपोआप सरकत असल तर माझी ही साखळी मोडीत घालावी लागल," बद्रीनाथ साहेब म्हणाले.

"घाला," अण्णा म्हणाले. "सर बसा. झालं."

सर बसणार, तेवढ्यात बेबीनंदानं हात वर केला. वर्गात करायची तसाच, सरळ. आणि सवयीनं सर म्हणून गेले, "बोल."

"सर, भारत उत्तरेला चाललाय, असं तुम्ही म्हणले."

"बराबर."

"अण्णांचं शेत उत्तरेला. बांध सरकला आमच्याकडं, दक्षिणेला. म्हंजी देश वर चालला अन् बांध खाली आला?"

सरांनी आधी उत्तरेकडं बघितलं, मग दक्षिणेकडं.

"अन् सर, दोन्ही शेतं एकाच तुकड्यावर हायेत नं? जाफ्राबादच्या एस्टीत दोघं एका बाकावर बसले अन् गाडी टेंभुर्णीला गेली, तर गाडी चालली म्हणून एक जण दुसऱ्याच्या जागेवर सरकतो का?"

"अण्णा असले तर सरकतो," मागून कुणीतरी बोललं.

हसू पिकलं. सरांना ते ऐकूच आलं नाही. अकरा वर्षं ते शिकवत होते. चार शाळा झाल्या, चार अध्यक्ष झाले. एवढ्या वर्षांत पोरांनी त्यांना 'सर, हे परीक्षेला येतं का' यापलीकडं काही विचारलं नव्हतं. आणि आज, भर उन्हात, ढेकळात उभी राहून एक पोरगी असा प्रश्न विचारत होती. प्रस्ताव, पेन, नंदाबाई, सासरे, सगळं डोक्यातून गेलं. तोंडातून आपसूक निघालं, "शाब्बास."

मग त्यांना कोण आवरणार? त्यांनी अण्णांच्याच खांद्यावरचा टॉवेल ओढून भुईवर पसरला. वर दोन खडे ठेवले.

"हा खडा अण्णा. हा खडा सुगंधाबाई. टॉवेल म्हंजे भूपट्ट. आता बघा, मी अख्खा टॉवेल ओढतो. दोघांमधलं अंतर बदललं का?"

"न्हाई," वर्ग म्हणाला.

"का न्हाई?"

"दोघं एकाच टॉवेलवर हायेत."

"मंग बांध कशानं सरकला?"

"नांगरानं." या वेळी वर्गाबरोबर निम्मं गावही एका सुरात म्हणालं. बद्रीनाथ साहेबसुद्धा.

सरांनी समाधानानं मान वर केली, आणि त्यांना अण्णांचा चेहरा दिसला. अण्णांनी खिशातलं पेन काढलं, टोपण नीट घट्ट केलं आणि परत ठेवून दिलं.

साखळी पडली. अकरा फूट दोन इंच.

"दोन इंच चुकलीस," सर बेबीनंदाला म्हणाले.

बांध आपल्या जागी गेला. अण्णा दोन महिने शाळेकडं फिरकले नाहीत. एप्रिलमध्ये परीक्षा झाली. 'हिमालय कसा निर्माण झाला?' या प्रश्नाला सव्वीस पोरांनी चित्रासकट बरोबर उत्तर लिहिलं. रायभाननं लिहिलं, 'दोघांपैकी कुणीच वेळेवर मोजणी आणली न्हाई म्हणून.' सरांनी त्याला अर्धा मार्क दिला.

एप्रिलच्या शेवटच्या दिवशी नंदाबाई भांडी गोधडीत बांधत होती. भांडी अशी आदळत होती की सरांना दर वेळी वाटायचं, ही आपल्याच डोक्यावर आदळली. घनसावंगीकडं सरांच्या मामाचं कापसाचं दुकान होतं, तिथं वजनकाट्यावर बसायचं ठरलं होतं. दारात अण्णा उभे राहिले.

"निघाले काय सर?"

"आदेश संपला, अण्णा."

अण्णा आत आले आणि लोखंडी पेटीवर बसले. "माझ्याच टॉवेलवर माझी इज्जत काढली तुम्ही."

सर पुस्तकांची चवड बांधायला लागले.

"पण लई सोपं करून सांगितलं. मला बी समजलं." अण्णा पुढं वाकले. "सर, माझा पश्चिमेचा बांध पाह्यला का तुम्ही? तिकडं सर्जेराव. माझा सख्खा भाऊ. अठरा वर्षं झाली, दर साली खाऊन राह्यला. मी बोललो तर भांडण होतं. कोर्टात गेलो तर आयुष्य जातं. पोरांनी काढलं तर भूगोल होतो."

त्यांनी बंडीच्या खिशातून घडी केलेला प्रस्ताव काढला. सही झालेली होती.

मच्छिंद्र सर ताठ उभे राहिले. शाळा ही मोजणीची कचेरी नव्हे, विद्या ही कुणाच्या बांधाला बांधलेली नसते, असं काहीतरी जळजळीत त्यांना बोलायचं होतं. त्यांनी श्वासही घेतला.

तेवढ्यात गोधडीची गाठ सोडत नंदाबाई म्हणाली, "अण्णा, तिकडचा जुना दगड कुण्या अंगाला हाय?"

अण्णांनी सांगितलं. सरांनी मुकाट्यानं प्रस्ताव घेतला आणि दगडाची जागा लिहून ठेवली.