घोडेस्वारांचं सुतक

आमच्या शेजारचे दिगंबरकाका सुतक पाळतात. त्यात काय, सगळेच पाळतात. पण काका पाळतात ते अमेरिकेतल्या नटांचं. जुन्या काउबॉय सिनेमांतला कुणी म्हातारा तिकडे गेला, की इकडे आमच्या कोपरीत काकांची पूजा बंद, देवळात जाणं बंद आणि मी नेलेली पुरणपोळीसुद्धा दारातूनच परत.

पहिल्यांदा आम्ही चांगलेच फसलो. "आमच्यातले एक गेले," असं काका इतक्या पडेल आवाजात म्हणाले, की मी पिठलं-भात करून धावले. काका पोटभर जेवले आणि मग म्हणाले, "झोपेतच गेले. सुटले म्हणायचं. घोड्यावरून पडून पाठीचं पार वाटोळं झालं होतं बिचाऱ्यांच्या." मी विचारलं, "काका, हे तुमचे नक्की कोण?" तर म्हणे, "शेरीफ!" मला हसावं की डबा हिसकावून घ्यावा तेच कळेना.

नटांची खरी नावं ते घेत नाहीत. एक लांबट्या, एक मिचमिच्या, एक मुका. आयुष्यं मात्र चुलतभावांची सांगावीत तशी सांगतात. "मिचमिच्या आधी लाकडाच्या वखारीत होता. मग हिरोच्या बदली घोड्यावरून पडायला लागला. पडता पडता स्वतःच हिरो झाला. तीन लग्नं केली, एक धड नाही. म्हातारपणी कामं मिळेनात, तर जाहिरातीत बिस्किटं विकली हो त्याने!"

संध्याकाळी खाडीकडचा वारा सुटला, की काका गॅलरीत डोळे अर्धवट मिटून बसतात. खाली रिक्षास्टँड आहे. त्यांना तिथे नुसती तांबडी माती दिसते, आणि लांबून कुणीतरी एकटाच, सावकाश, घोड्यावरून येत असतो. मीही कधी कधी चहा घेऊन शेजारी उभी राहते. खोटं कशाला बोलू, एकदोनदा मलाही धूळ उडाल्यासारखी वाटली.

यंदा माझ्या मानसीचा साखरपुडा ठरला. काकांच्या मांडीवर वाढलेली, त्यांना आजोबा म्हणणारी पोर. "आजोबा नसतील तर मी अंगठी घालून घेणार नाही," असं तिने जाहीरच करून टाकलं. आणि आदल्या दिवशी लांबट्या गेला.

"सुतकात शुभकार्याला येत नाहीत, सुमन," काका म्हणाले.

माझं डोकंच फिरलं. "कोण कुठला लांबट्या! सख्खा भाऊ गेल्यासारखं काय करता?"

काका म्हणाले, "सख्खा भाऊ आहे मला. अण्णा. वडील गेल्यावर त्यानेच मला वाढवलं. मॅटिनीला न्यायचा. इंग्रजी दोघांनाही येत नव्हतं, पण हा पठ्ठ्या कानात सगळे संवाद मराठीत बनवून सांगायचा. मग बोटीवर नोकरीला लागला. थोडे दिवस खुशाली कळली, मग काहीच नाही."

"काका, अहो..."

"सगळे म्हणतात, आता दिवस कर त्याचे. का करू? सुतक धरलं म्हणजे तो गेला, असं मीच म्हटल्यासारखं होईल. पण रडू तर येतं ना गं. हे लोक गेले, की मला रीतसर रडता येतं."

भांडायला गेलेली मी तिथेच लादीवर बसले आणि घळाघळा रडले.

शेवटी मानसीनेच तोड काढली. "आजोबा, तुम्ही हॉलच्या दारात खुर्ची टाकून बसा. मला दिसलात की झालं." काका आले. धुतलेला झब्बा घालून दारात बसले, कुणाला शिवले नाहीत, पेढा घेतला नाही, पण आले.

मुलाचे वडील मुद्दाम त्यांच्याकडे जाऊन बोलले. "आजोबा, घरी कोण कोण असतं?"

"मी आणि माझे थोरले बंधू. ते बाहेर असतात."

"वा! लग्नाला येतील ना?"

काकांनी माझ्याकडे पाहिलं.

"येणार तर!" मी म्हटलं. "पत्रिकेत पहिलं नाव त्यांचंच घालतोय आम्ही."