गजलक्ष्मी मालमोटारीचे दिवे काढून काटे बसविले, त्याची बखर

श्री मार्गदेवता प्रसन्न. ऐकणाराचे चाक न रुतो, सांगणाराची जीभ न अडखळो. शके अठराशे ब्याण्णव, साधारण नाम संवत्सर, वैशाख मासी एका राज्यी वर्तमान जाले ते येणेप्रमाणे. थोरल्या सरकारांच्या अमदानीतली गजलक्ष्मी नामे मालमोटार श्रीमंतांच्या पदरी होती, आणि घाटमाथ्याच्या थाण्यास गनिमाचा वेढा पडला असता एकच वाट मोकळी राहिली, त्या वाटेने ती दाणा पोचवीत असे. तिचे सारथी सुभानजी. त्यांचे कुटुंब अंबूबाई आणि लेक चिमी त्याच थाण्यात अडकली होती. मोटारीस तेलाची खबर देण्यास एक तांबडा दिवा होता. तेल संपले म्हणजे तो लागे, त्याअगोदर ब्र काढीत नसे. चैत्रात तो लागला तो इंजिन जाम जालियावर लागला, आणि दुरुस्ती होईतो थाण्याने चिंचोके भाजून खाल्ले. मग सुभानजींनी दरबारी अर्ज केला की, "सरकार, हा दिवा नव्हे, तेराव्याचे आवतण आहे. मला काटा द्या. तेल उतरू लागले की काटा उतरेल, मी थांबेन, तेल घालीन, पुढे जाईन." श्रीमंत बोलिले, "दिव्याचा रंग आम्हांस फार आवडे हो." परंतु मन थोर, हुकूम दिधला.

मग दादूमिया मिस्त्री यांनी दिवे उपटिले आणि पितळी कड्यांचे काटे बसविले, आणि येथेच घात जाला. इंजिनाच्या पोटी तेलाचा जासूद म्हणोन एक बटण असे. तो जासूद दिव्याचा, त्यास दोनच शब्द ठाऊक, 'आहे' आणि 'नाही'. कमीजास्त सांगणारा जासूद निराळा, तो बंदराहून यावयाचा होता. मिस्त्रींनी मनी योजिले की आज काटा याच जुन्या जासुदास जोडून दाखवू, नवा आला म्हणजे बदलू. परंतु मोटार सुरू होताच काटा ताडकन उभा राहिला, आणि श्रीमंत "वाहवा! हा तर आम्हांस मुजरा करतो!" म्हणाले आणि मिस्त्रींचे अंगावर शेला घातला आणि चौघडा वाजला. शेला पांघरलेल्या माणसास "काम अजून पुरे नाही" म्हणवेना.

चैत्रापासून सुभानजींचा दिव्यावर भरवसा नव्हता, म्हणोन ते दर मुक्कामी उतरून सळई बुडवून तेल पाहात. आता उतरलेच नाहीत. शेजारी ढवळोजी हवालदार बसले होते, ते म्हणाले, "सुभानराव, तेल बघायचे ना?"

"कशास? काटा बघा, व्याह्यासारखा ताठ उभा आहे. जितके लवकर पोचू तितका चिमीच्या तोंडी घास लवकर."

आणि खाली एक बोल्ट ढिला होऊन तेल वाटभर ठिबकत होते. घाटाच्या पायथ्याशी धूळ उडाली ती थाण्यातून दिसली, आणि थाणेदार हर्षाने ओरडले, "आली गजलक्ष्मी! चढवा हंडे!" मग उरला होता तितका भात शिजला, आणि सर्वांनी हात आखडता न घेता खाल्ला. इकडे मध्य घाटात काटा एकाएकी पडला, फासाचा दोर तुटावा तसा, आणि इंजिन जाम. गनिमाने हे पाहिले आणि मोकळी वाट बंद केली. ढवळोजी मागे कुमक आणावयास धावले, ती कित्येक दिवस आली नाही. मग सुभानजी तांदळाचे गाठोडे पाठीस बांधून, दिवसा लपत, झुडपे धरीत कड्याने वर गेले. पोचले तो थाण्याचे दार सताड उघडे, वर निशाण गनिमाचे, आणि दाराशी अंबूबाई. मांडीवर चिमी, चिमीच्या तोंडावर पदर.

"मोटार दिसली होती हो आम्हांला," अंबूबाई म्हणाली. "त्या दिवशी पोट भरून जेवली ती. मग रोज विचारायची, बाबा वळणावर थांबलेत का?"

"काटा उभा होता गं," सुभानजी म्हणाले.

 तिने लेकीस त्यांच्या मांडीवर दिले, गाठोडे उचलले आणि चूल पेटवावयास गेली. दुसऱ्यांची पोरे अजून जिवंत होती.

सारांश, थाणे गेले, चिमी गेली, मोटार ओढून आणिली. मागाहून बंदराचा जासूद पोचला, तो बसविला, आणि काटा आता खरे सांगतो. श्रीमंतांची तक्रार की फार थरथरतो. सुभानजी मोटार हाकीत नाहीत. इतके जाले.